पस्तिसावी ओळ

"सायेब, हे कोरे फॉर्म कुठं लावायचे?"

वाघमारे कम्प्युटर रूमच्या दारात उभे होते. आत यायचं तर चपला काढाव्या लागत. धुळीनं मशीन बिघडतं म्हणून तसा नियमच होता. रोज वीस वेळा चपला कोण काढणार, म्हणून बहुतेक लोक दारातूनच बोलत. वाघमारे जावक लिपिक होते, म्हणजे ऑफिसातून बाहेर जाणारं टपाल त्यांच्या हातून जायचं. त्यांच्या हातात पंचवीस-तीस फॉर्मांचा गठ्ठा होता.

मी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "कसले कोरे?"

"अगदीच कोरे न्हाईत. वर एक ओळ हाय. तारीख अन् वेळ. खाली कायच न्हाई. नाव न्हाई, पत्ता न्हाई."

"कागद सरकतो कधीकधी. रद्दीत टाका."

"तारीख हाय म्हणून इचारलं."

"तारीख सगळ्यांना पत्रात गेलीय हो, वाघमारे. टाका रद्दीत. मला बारापर्यंत रिपोर्ट द्यायचाय."

"बरं," म्हणून ते गेले.

या बोलण्याला अर्धं मिनिट लागलं असेल. पुढे चौकशीत मी सांगितलं, की असं बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे वाघमारे यांच्या सेवापुस्तकात एक ठपका बसला. तो माझ्या नावावर असायला हवा होता. आता माझं वय झालं आहे. काय झालं ते क्रमानं लिहून ठेवतो.

परभणीतल्या आमच्या ऑफिसात कम्प्युटर येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न अजून सुटायचा होता. ऑफिसाचं नाव सांगण्याची गरज नाही. माझं पद प्रोग्रामरचं होतं. प्रोग्राम लिहिण्यापासून प्रिंटरची रिबन बदलण्यापर्यंत सगळं मीच करायचो. नेमणूक तात्पुरती होती. कायम होण्याची ऑर्डर वर गेली होती आणि रोज तिची वाट बघत होतो.

त्या वर्षी कनिष्ठ लिपिकांची भरती निघाली. अर्जदारांची टायपिंगची परीक्षा घ्यायची होती. त्यासाठी पावणेचारशे पत्रं पाठवायची होती. एरवी दोन टायपिस्टांनी ती आठवडाभर बडवली असती. मोठे साहेब म्हणाले, "देशमुख, कम्प्युटरवर काढा. वरच्यांना दाखवता येईल."

पत्राचा मराठी मजकूर प्रेसमधून फॉर्मवर छापून आणला होता. सलग कागद, दोन्ही कडांना भोकं, दर फॉर्मनंतर फाडायला टोचलेली रेघ. कम्प्युटरनं त्यात फक्त नाव, पत्ता आणि सगळ्यात खालच्या चौकटीत परीक्षेची तारीख अन् वेळ भरायची. आमच्या मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून हे सगळं इंग्रजी अक्षरांत.

अशा कामासाठी एक टेम्प्लेट करावं लागतं, म्हणजे पत्राचा साचा. साच्यात "इथं नाव", "इथं पत्ता" अशा खुणा लिहायच्या. प्रोग्राम यादीतला एकेक माणूस घेतो, खुणांच्या जागी त्याची माहिती भरतो आणि छापतो. ओळ कुठं संपते हे आपण एंटर मारून सांगायचं. मशीनला कागद दिसत नाही. त्याला फक्त ओळी मोजता येतात. आमचा फॉर्म छत्तीस ओळींचा होता. शेवटच्या दोन ओळी फाटणीच्या रेघेसाठी सोडलेल्या. चौतीस ओळी भरल्या, की उरलेलं पुढच्या फॉर्मवर जायचं. तारखेची चौकट बरोबर चौतिसाव्या ओळीवर होती. प्रेसवाल्यानं कागद पुरवून पुरवून मजकूर बसवला होता.

आता पत्त्याचं. आपल्याकडे गावात पोस्ट असेल तर माणूस "मु. पो. पेडगाव" असं एका ओळीत लिहितो. गावात पोस्ट नसेल, तांडा असेल, तर "मुक्काम अमुक तांडा" ही एक ओळ आणि "पोस्ट राणीसावरगाव" ही दुसरी. गावाबाहेरच्या वस्तीत राहणारेही वस्तीचं नाव वेगळ्या ओळीत लिहीत. म्हणून मी साच्यात पत्त्याला दोन ओळी ठेवल्या आणि त्यांच्याखाली तालुका-जिल्हा.

पहिला नमुना साहेबांना दाखवला. मु. पो. वाल्यांची दुसरी ओळ रिकामी राहायची, तिथं पत्त्यात मधेच फट दिसत होती.

साहेब म्हणाले, "हे काय, पडलेल्या दातासारखं? बरं नाही दिसत."

प्रोग्राममध्ये त्यावर सोय होती. खुणेपुढे एक अक्षर जोडलं, की ओळ रिकामी असल्यास प्रोग्राम ती गाळून टाकायचा. मी ते अक्षर जोडलं. फट गेली. पण एक ओळ गळाल्यानं खालचं सगळं एक ओळ वर सरकलं आणि तारीख चौकटीच्या वरच्या रेघेवर बसली. मग मी पत्त्याखाली एक जादा एंटर मारला. तारीख चौकटीत आली.

चाचणीसाठी मी पाच पत्ते घातले. माझा स्वतःचा पेडगावचा, पाथरीच्या मेव्हण्याचा, साहेबांच्या गावाचा आणि ऑफिसातल्या दोघांचा. पाचही गावांना पोस्ट होतं. पाचही पत्रं सुरेख आली. साहेबांनी पाठ थोपटली.

ज्यांच्या पत्त्यात दुसरी ओळ भरलेली होती, त्यांची ओळ गळणार नव्हती. माझा जादा एंटर मात्र त्यांनाही लागू होता. त्यांची तारीख पस्तिसाव्या ओळीवर गेली, म्हणजे पुढच्या फॉर्मच्या डोक्यावर. नाव-पत्त्याच्या फॉर्मवर चौकट कोरी राहिली. वाघमारे दारात घेऊन उभे होते तो गठ्ठा, नुसती तारीख छापलेल्या या पुढच्या फॉर्मांचाच होता.

त्यांना कोऱ्या चौकटी का दिसल्या नाहीत, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. पत्ता वर राहील अशी तिहेरी घडी घालायची, स्टेपल मारायचं, तिकीट लावायचं, रजिस्टरात चढवायचं. पावणेचारशे वेळा, दीड दिवसात. माणूस पत्त्यापलीकडे बघत नाही. तरीही वेगळं काही दिसलं ते त्यांनी मला आणून दाखवलं होतं. बघितलं नाही ते मी.

परीक्षा झाली. नंतरच्या आठवड्यात एक मुलगी मामाला घेऊन ऑफिसात आली. सुमन राठोड, राणीसावरगावजवळच्या तांड्यावरची. दहावी पास, गंगाखेडला टायपिंग शिकलेली. "कम्प्युटरचं पत्र" म्हणून त्यांना कुणीतरी माझ्याकडे पाठवलं. मामा चपला काढून आत आले आणि तसेच उभे राहिले.

"परीक्षा कधी हाय तेवढं सांगा सायेब. आमी वाट बघायलोत."

"परीक्षा झाली. गेल्या मंगळवारी."

"झाली?" मामांनी फॉर्म माझ्यापुढे धरला. "मग ह्याच्यात तारीख का न्हाई टाकली? म्हणलं, तारीख ठरली की दुसरं पत्र येईल."

सुमन दारातच होती. ती तिथूनच म्हणाली, "घरची सगळी उसाला गेलीत. मी या पत्रासाठी मागं राहिले. तारीख घालायची नव्हती तर चौकट कशाला छापता?"

मी फॉर्म हातात घेतला. कोरी चौकट बघितली. मग पत्ता बघितला. नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका-जिल्हा. बोटानं ओळी मोजल्या. काय झालंय हे कळायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

त्यांना मी साहेबांकडे अर्ज द्यायला सांगितलं. ते गेल्यावर दार लावून घेतलं, साच्यात सुमनचा पत्ता घातला आणि छापलं. चौकट कोरी. पुढच्या फॉर्मच्या डोक्यावर तारीख. दोन्ही फॉर्म फाडून टाकले. मग साचा दुरुस्त केला. पोस्ट आणि तालुका एकाच ओळीत घेतले, म्हणजे सगळ्यांचे पत्ते सारख्याच ओळींचे झाले. गाळायचं अक्षर काढलं. जादा एंटर आता सगळ्यांना सारखाच लागत होता, तो राहू दिला. दहा मिनिटांचं काम. साहेबांकडे जाऊन हे सांगायलाही तेवढाच वेळ लागला असता.

यादीतून काढून बघितलं. अशी सत्तावीस पत्रं होती. सगळी तांड्यांची, नाहीतर वस्त्यांची.

हे बाहेरही लोकांच्या लक्षात आलं. दोन दिवसांत शिष्टमंडळ आलं. तेव्हा वातावरण असं होतं, की साध्या गोष्टीवरूनही मोर्चा निघे आणि त्यामागे कारणंही असत. शिष्टमंडळाचा प्रश्न सरळ होता : गाववाल्यांच्या पत्रांत तारीख आहे, तांड्या-वस्तीवाल्यांच्याच पत्रांत नाही, हे आपोआप कसं होतं? साहेबांनी चौकशीचं आश्वासन दिलं. उत्तर माझ्याकडे होतं.

शिष्टमंडळ गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कम्प्युटर चुकला हे मला ऐकवू नका, देशमुख. आपण वरपर्यंत दाखवून बसलोय. छपाईत तारीख होती की नव्हती?"

"छापली गेली होती, सर. पुढच्या पानावर."

"मग गेली कुठं? जावकमध्येच ना?"

साहेबांनी पेपरवेट एकदा फिरवला.

"हे बघा, यात जात शिरली तर पेटेल. चूक वाघमारेंची निघाली तर जातीचं कुणी म्हणूच शकणार नाही. ते त्यांच्यातलेच."

वाघमारे राखीव जागेवर लागले होते. आमच्या ऑफिसात ही गोष्ट कुणी विसरत नसे. त्या दिवशी ती सोयीची ठरली.

संध्याकाळी वाघमारेंना बोलावलं. मी तिथंच खुर्चीवर होतो. ते उभे होते.

"वाघमारे, पत्राचं दुसरं पान कुठं गेलं?"

"दुसरं पान नव्हतंच सायेब. कोरे फॉर्म निघाले व्हते, वर एक ओळ. देशमुख सायबाला इचारलं. ते म्हणले, रद्दीत टाका."

"मग टाकले?"

"जिवावर आलं. पाठ कोरी व्हती. शिवून रफ वही केली."

वापरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या वह्या आमच्याकडे सगळेच शिवत. वाघमारे जाऊन वही घेऊन आले. बांधणीच्या जाड दोऱ्यानं नीट शिवलेली. त्यांना वाटलं, आपण पुरावा आणला. साहेबांनी पानं उलटून बघितली. दर पानाच्या डोक्यावर तारीख, वेळ. पाठीमागे वाघमारेंच्या अक्षरात टपालाचे आकडे.

"म्हणजे पोरांच्या परीक्षेच्या तारखा तुम्ही वहीला शिवल्या?"

"मी इचारलं व्हतं सायेब. दारात उभं राहून इचारलं."

साहेब माझ्याकडे वळले. "विचारलं होतं यांनी?"

"मला आठवत नाही, सर."

वाघमारे माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. माणूस हिशेब चुकल्यावर पुन्हा वरपासून मोजतो, तसं. मग त्यांनी वही उचलली, बंद केली आणि विचारलं, "जाऊ सायेब?"

दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं : "सर्व उमेदवारांचे दिनांक व वेळ संगणकाद्वारे छापण्यात आले होते. प्रणालीत दोष आढळून आला नाही." पहिलं वाक्य खरं होतं. दुसरंही, लिहिलं त्या दिवशी, खरं होतं. दोष मी दोन-तीन दिवस आधीच काढला होता.

वाघमारेंच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची नोंद झाली. पुढे दोनदा बढतीची यादी निघाली आणि दोन्ही वेळा त्या नोंदीवर बोट ठेवलं गेलं. ते जावकमध्येच निवृत्त झाले. त्यांच्या वस्तीतही काही वर्षं लोक त्यांना टोचून बोलत, आपल्याच पोरांची पत्रं दाबली म्हणून. माझी कायम होण्याची ऑर्डर त्याच उन्हाळ्यात आली.

साहेबांनी फेरपरीक्षा घेतली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण ती नोटीस बोर्डावर लावून. सत्तावीसपैकी नऊ जण आले. बाकीचे अठरा ऊसतोडीला होते, की त्यांना कळलंच नाही, मला माहीत नाही. त्यांची नावं त्या यादीत होती. मी कुणाचाही शोध घेतला नाही.

त्या नऊ जणांतली सुमन पास झाली आणि आमच्याच ऑफिसात लागली. जावकच्या टेबलापासून तिचं टेबल चार हातांवर. पत्र कुणी दाबलं हे तिला रुजू होताना पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. ती वाघमारेंशी कामापुरतं बोले. तिच्या सेक्शनचं टपाल त्यांच्याकडे गेलं, की जागेवरून मोठ्यानं विचारायची, "दादा, दुसरं पान लावलं ना?"

सगळे हसायचे. वाघमारे पत्र उचलून धरायचे, दोन्ही पानं उघडून तिला दाखवायचे. "लावलं ताई."

हे सोळा-सतरा वर्षं चाललं. नंतर नंतर तिच्या विचारण्यातलं विष गेलं होतं, ती सवयच झाली होती. पण ते पानं दाखवायचे थांबले नाहीत. मी कामासाठी तिथं असलो, तर मीही हसायचो.

निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस वाघमारेंच्या घरी गेलो. ते पंच्याहत्तरीचे आहेत, गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत. दारात चपला काढायला लागलो तर म्हणाले, "असू द्या असू द्या. आमच्याकडं मशीन न्हाई."

चहा झाला. मी सगळं सांगितलं. गाळलेली ओळ, जादा एंटर, फाडलेले दोन फॉर्म.

शेवटी म्हणाले, "एंटर म्हंजे ते मोठं बटन?"

"हो."

"एकदा जास्त दाबलं?"

"एकदा."

"अन् म्या इचारलं तवा तुमाला आठवत व्हतं."

"आठवत होतं."

"मग हे लेखी द्या. तोंडी मी तवाच ऐकलं व्हतं." पुढे म्हणाले, "अन् जावक नंबर टाका. बिननंबरी कागद मी घेत न्हाई."

मी म्हणालो, "घरच्या कागदाला कुठला आलाय जावक नंबर?"

"एक टाका. पैलाच हाय ना तुमचा?"

घरी येऊन दोन पानं लिहिली. वर "जावक क्र. १" टाकलं. एक प्रत त्यांना दिली. दुसरी घेऊन जुन्या ऑफिसात गेलो. सुमन आता तिथं अधीक्षक आहे, सगळे राठोड मॅडम म्हणतात. तिनं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मग पहिलं पान पुन्हा वाचलं.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"तुम्ही मामांबरोबर आलात, त्या दिवशी. तुम्ही जिना उतरायच्या आत."

"आणि मी त्यांना विचारायचे तेव्हा तुम्ही तिथंच असायचात."

"कधीकधी."

"हसायचात."

"हो."

तिनं टेबलावरचा आवकचा शिक्का घेतला, पत्रावर मारला, तारीख घातली, सही केली आणि पोच माझ्यापुढे सरकवली. "यावर ऑफिसला काय करता येतं ते बघते. तुम्ही निघा आता."

करता येण्यासारखं फारसं नव्हतं. महिन्यानं उत्तर आलं. संबंधित कर्मचारी सेवानिवृत्त असल्यानं सेवापुस्तकातील नोंद रद्द करणं शक्य नाही. तथापि आपलं पत्र मूळ फाइलला जोडण्यात आलं आहे. म्हणजे ती फाइल कुणी उघडली, तर माझ्या दोन ओळींच्या खुलाशामागे ही दोन पानंही निघतील. बढती परत येणार नाही. अठरा माणसंही परत येणार नाहीत. नोंदीशेजारी नोंद लागली, एवढंच.

नंतरच्या रविवारी वाघमारेंचा फोन आला.

"राठोड ताई येऊन गेल्या. लय येळ बसल्या. ऑफिसच्या उत्तराची दोन पानी प्रत घेऊन आल्या व्हत्या."

"काय म्हणाल्या?"

"ते आमच्या दोघांतलं हाय." मग त्यांचा हसण्याचा आवाज आला. "प्रत हातात दिली तवा मी इचारलं, ताई, दुसरं पान लावलं ना? तर त्यांनी दोन्ही पानं उघडून दाखवली."

माझ्याकडे सांगायला फार मोठं काही नाही. त्या भरतीनंतर पंचवीस वर्षं मी साचे केले. पत्रांचे, बिलांचे, दाखल्यांचे. प्रत्येक वेळी चाचणीला पहिला पत्ता घातला तो सुमन राठोडच्या तांड्याचा, चार ओळींचा. का, ते कुणाला सांगितलं नाही. हाताखालच्यांना एवढंच सांगायचो, की साचा तपासताना स्वतःचा पत्ता घालून बघू नका. तो बसतोच.